सहावा रकाना

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही वही माझी. दवाखान्याने दिलेली वही ताईची, ती वेगळी. दोन्हींचे पुठ्ठे एकाच रंगाचे आहेत, म्हणून हिच्या पाठीवर कोपऱ्यात मी शाईचं टिंब दिलं आहे. घोटाळा नको.

आज आधारवर्गाचा पहिला दिवस. बारा आठवडे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. दवाखान्याच्या तळमजल्यावर, धोबीखान्याच्या मागे एक लांब खोली आहे. गोलात चोवीस खुर्च्या. बारा बायका आणि प्रत्येकीबरोबर घरचं एक माणूस. पुरुष आम्ही चौघेच, त्यात सगळ्यांत लहान मी. भिंतीवरच्या फलकावर 'जिवनशैली' लिहिलं आहे. दुसरी वेलांटी हवी तिथे पहिली दिली आहे. दीड तास मी त्या वेलांटीकडेच बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं.

सोबत आलेल्यांनी आपली ओळख द्यायची होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी हिचा धाकटा भाऊ. शिक्के बनवण्याच्या दुकानात असतो. ताईला... तो आजार आहे."

समोर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. शाळेच्या हेडबाई होत्या म्हणे, आता निवृत्त. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तो म्हणजे कुठला रे? पडसं?"

सगळ्या हसल्या. ताईसुद्धा हसली. माझे कान तापले.

हे इथे लिहितो. तीन वर्षांपूर्वी ताईचं ऑपरेशन झालं. डावी बाजू काढली. आता आजार हाडांत आला आहे. दुकानात मालकांना मी पाठदुखी सांगितलं आहे. ते रोज विचारतात, "काय म्हणते ताईची पाठ?" मी म्हणतो, "बरी आहे." पाठ खरंच बरी आहे, म्हणजे खोटं होत नाही.

वर्ग चालवणाऱ्या व्यायामाच्या बाईंच्या गळ्यात शिट्टी असते, पण त्या वाजवत नाहीत. त्या म्हणाल्या, "हा वर्ग आजार बरा करायला नाही. आजार आहे तो राहणार आहे. त्याच्याबरोबरचे दिवस बरे जावेत म्हणून आपण चालायचं, नीट खायचं, झोपायचं, आणि दुखलं तर लपवायचं नाही."

पहिल्या दिवशी त्यांना असं सांगावंच लागत असेल. खोक्यांवर बारीक अक्षरांत सूचना छापतात, तसं. नाहीतर बारा आठवडे कशाला घेतील?

प्रत्येकीला वही दिली. पानावर सहा रकाने आहेत. चालणं, दुखणं, झोप, जेवण, मन आणि शेवटी सोबत्याचं ओझं. दुखणं आणि ओझं शून्य ते दहा या आकड्यांत लिहायचं. वही सोबत्याने रोज संध्याकाळी विचारून भरायची, बाई दर आठवड्याला तपासणार.

नववीत शाळा सुटल्यापासून माझी वही कोणी तपासलेली नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पहिली नोंद केली. चालणं बारा मिनिटं. दुखणं पाच. झोप सहा तास. जेवण बरं. मन बरं. शेवटच्या रकान्यात पट्टीने आडवी रेघ मारली.

ताई म्हणाली, "तुझा रकाना रिकामा का?"

"मला काय झालंय?"

तिने वही मिटली. मग म्हणाली, "आजपासून भात तू लावायचा. सोबत्याने स्वयंपाक शिकायचा असं बाईंनी सांगितलंय."

तसं त्यांनी सांगितलेलं मला आठवत नाही. भात खाली लागला. ताईने करपलेला भाग स्वतःच्या ताटात घेतला. मी जेवणाच्या रकान्यात 'चांगलं' लिहिलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज वह्या तपासल्या. वर्गात एका टॅक्सीवाल्याची बायको आहे, तिच्या वहीत दुखणं आठ होतं. बाईंनी ते पाहिलं आणि तिला चालणाऱ्यांच्या रांगेतून बाहेर घेतलं. "तुम्ही आज खुर्चीत बसून हात हलवा." बाकीच्या खोलीभर फेऱ्या मारत होत्या आणि ती भिंतीकडेला बसली होती. तिच्या नवऱ्याने मान खाली घातली होती.

आठवीत गणितात नापास झालेल्यांना मास्तर वेगळ्या बाकावर बसवायचे. त्या बाकावर मी पूर्ण एक वर्ष काढलं आहे. भिंतीकडेला बसलं की कोणी तुम्हाला काही विचारतच नाही.

संध्याकाळी ताईला विचारलं, "दुखणं?"

"सात."

"सात की सहा?"

"सात म्हटलं ना. मांडीत ठणकतंय."

मी चार लिहिला. ताई समोर सुईत दोरा ओवत होती, तिला दिसलं नसणार. फक्त आजच्यापुरता. उद्यापर्यंत ठणका गेला की आकडा आपोआप खरा होईल.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आजचा प्रसंग लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

ताई शिवणाच्या कारखान्यात वीस वर्षं बाह्या जोडायची. आता घरी वर्गातल्या बायकांसाठी कापडी उशा शिवते. झंपराच्या आत घालायच्या, काढलेल्या बाजूला. नुसता कापूस भरला तर ती बाजू वर सरकते, वजन लागतं. म्हणून तिने मला वाण्याकडे पाठवलं. बारीक धान्य, तीन पुड्या. एकशे ऐंशी ग्रॅम, दोनशे वीस ग्रॅम आणि हेडबाईंसाठी तीनशे.

वाणी म्हणाला, "हे काय औषधाचं आहे का?"

मी म्हणालो, "पाखरांना घालायला."

"पाखरं तोलून खातात वाटतं तुमच्याकडे?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. वाटेत हेडबाई भेटल्या, त्यांनी भररस्त्यात विचारलं, "माझं तीनशे आणलंस ना रे? कमी असेल तर मी एका अंगाला कलंडेन!" मी पुडी पिशवीत खाली दाबली आणि रस्ता ओलांडला. त्यांना नमस्कारही केला नाही. तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाई, आणि मी त्यांना ओळख नसल्यासारखं टाळलं.

दुखणं: सात म्हणाली. तीन लिहिला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पानावर रोज पट्टीने रेघा मारण्यात वेळ जातो. दवाखान्याने फक्त पहिली चार पानं आखून दिली आहेत. म्हणून दुपारी दुकानात रकान्यांचा शिक्का बनवला. एकदा दाबला की सगळी चौकट उमटते, मथळ्यांसकट. रबराचा तुकडा शिल्लक होता तो जरा अरुंद निघाला. सहा रकाने घेतले की अक्षरं फार बारीक होत होती, म्हणून शेवटचा गाळला. तसाही त्यात मी रेघच मारतो.

मालक भिंगातून बघून म्हणाले, "झकास! पाठदुखीला एवढी बडदास्त?"

ताईने शिक्का उमटवून बघितला. बोटाने रकाने मोजले. "एक कमी आहे."

"मावत नव्हता."

"असं होय," म्हणाली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज बाईंनी ताईची वही सगळ्यांसमोर वर धरली. म्हणाल्या, "ही बघा. एक दिवस चुकलेला नाही, खाडाखोड नाही, आणि दुखणं पाचावरून दोनवर आलंय. वही अशी ठेवायची." माझा शिक्का सगळ्यांना आवडला. बाराच्या बारा वह्यांत उमटवून दिला.

हेडबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी हसलो. हसताना ताईकडे नजर गेली. ती माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही. लहानपणी शुद्धलेखन तपासताना ती अशी बघायची. चूक सापडली असेल, पण ती माझी मला सापडावी म्हणून थांबायची.

तिला काही कळलेलं नाही. वही माझ्या पिशवीत असते.

रविवार, २ मार्च

आठवडाभर लिहिलं नाही. विशेष काही नव्हतं.

ताईने माझ्यासाठी सहा सदरे शिवायला घेतले आहेत. एकदम सहा. मी म्हणालो, कशाला? म्हणाली, कापड पडून होतं. कापड पडून नव्हतं, तिने परवा हेडबाईंकरवी मागवलं, मी पिशवी पाहिली. आत कडेला बोटभर माया सोडली आहे. मला उलटून दाखवत म्हणाली, "पुढे अंगाने सुटलास तर इथून उसवायचं आणि इथे टीप मारायची. बघून ठेव."

मी कशाला बघून ठेवू? ती आहेच की. पण तिचं समाधान व्हावं म्हणून बघितलं.

भात आता चांगला होतो. वरण अजून पातळ होतं. काल तिने मला मावशीला फोन लावायला लावला आणि म्हणाली, "दर रविवारी तूच करत जा." मावशीशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. मावशीलाही सुचलं नाही. दोघांनी हवेबद्दल बोलून घेतलं.

चालणं वीस मिनिटं. दुखणं आठ म्हणाली. दोन लिहिला. मागच्या पानांवर दोन आहे, एकदम आठ आला तर बाई विचारतील.

मंगळवार, ४ मार्च

जिना सुरू झाला. वह्या बघून बाईंनी पाचजणी निवडल्या, ताई त्यांत पहिली. दहा पायऱ्या वर, दहा खाली, कठडा धरून. सोबत्याने एक पायरी खाली राहायचं. मी ताईच्या मागे होतो. सातव्या पायरीवर ती थांबली. कठड्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती.

मी हळूच म्हणालो, "राहू दे का?"

"चल रे. तू मागे आहेस ना?"

चढली. खरंच चढली. म्हणजे व्यायामाचा उपयोग होतोच आहे.

गुरुवार, १३ मार्च

इंजेक्शनचा दिवस. डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासण्याआधी वही मागितली. पानं उलटत म्हणाल्या, "वा! दुखणं दोनच्या वर नाही. मग गोळी वाढवायला नको, आहे तीच ठेवू."

ताई काही बोलली नाही. भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं. मी त्यातली मणक्यांची संख्या मोजली. चोवीस आणि खाली जोडलेले वेगळे.

बाहेर आल्यावर ताई बाकावर बसली. म्हणाली, "जरा दम खाऊ." अर्धा तास बसलो. तिने डोळे मिटले होते आणि ओठ आतून चावून धरला होता. मी विचारलं, पाणी आणू का? म्हणाली, आण. आणलं. तिने ग्लास हातात धरला, प्याली नाही.

मी काय केलं आहे ते मला आज दुपारी त्या बाकावर कळलं. कळूनही संध्याकाळी दोनच लिहिला. आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, पहिल्या चारपासून. हे लिहिताना अक्षर नेहमीसारखंच छान येतं आहे, याचीच लाज वाटते.

शुक्रवार, २१ मार्च

ताई जिन्यावर पडली.

पडली असं नाही. नवव्या पायरीवर तिचा पाय मुडपला आणि ती माझ्या अंगावर आली. मी धरली, कठडा पाठीत लागला, पण धरली. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "छोट्या, सोडू नकोस." बाई वरून धावत आल्या. गळ्यातली शिट्टी आज पहिल्यांदा वाजली, दोन कामगार खुर्ची घेऊन येईपर्यंत वाजत होती.

शनिवार, २२ मार्च

मांडीच्या हाडाला चीर आहे. आजाराने हाड आतून पोखरलं आहे. सोमवारी ऑपरेशन करून आत सळई घालणार.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून दुखत होतं?"

ताई म्हणाली, "महिना झाला."

"किती?"

"आठ. कधी नऊ."

त्यांनी वही उघडली. माझा शिक्का, माझी अक्षरं. "इथे तर दोन आहे. परवा दोन, त्याआधीही दोन. रोज दोन." त्यांनी ताईकडे असं बघितलं की जणू ताईच खोटं बोलते आहे.

ताई म्हणाली, "मीच याला कमी सांगायचे. त्याची काय चूक? मी सांगेन तेच लिहिणार ना."

मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. बोलायला तोंड उघडलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही काळजीने वही ठेवता, पण पेशंटच लपवायला लागली तर तुम्ही तरी काय करणार." मी मान हलवली. हो म्हणून.

मी मान हलवली.

शुक्रवार, २८ मार्च

ऑपरेशन नीट झालं. गोळी वाढवली आहे, ताई शांत झोपते. महिनाभर अशी झोपली असती.

वर्गाला गेलो नाही. हेडबाई वॉर्डात आल्या आणि खुर्चीत धपकन बसल्या. "वर्ग बंद. बाईंची चौकशी लावली आहे. हाडाचा आजार असलेल्या बाईला जिना का चढवला म्हणून. चालणंही बंद. आम्ही बाराजणी घरी बसून काय करायचं, छताला किती कोळिष्टकं आहेत ते बघायचं?" मग ताईचा हात धरून म्हणाल्या, "ती पोर रडत होती गं. म्हणे, मी वही बघून चढवलं होतं, वहीत दोन होता."

ताई माझ्याकडे बघत नव्हती. उशीच्या अभ्र्याची शिवण नखाने चाचपत होती.

रविवार, ३० मार्च

आज ताईला सांगितलं. दुपारी भेटीच्या वेळेत, शेजारचा पलंग रिकामा होता तेव्हा. पाठ केल्यासारखं सांगितलं. अकरा फेब्रुवारीपासून. सातचा चार, सातचा तीन, आठचा दोन.

ती म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"अकरा फेब्रुवारीपासून. अरे, बाह्या जोडण्यात जन्म गेला माझा. अर्ध्या सुताचा फरक मला लांबून दिसतो. सात लिहायला तुझं पेन असं वळतं का?"

"मग बोलली का नाहीस? डॉक्टरीणबाईंसमोर तरी?"

तिने पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "आधी वाटलं, तू आपण होऊन सांगशील. मग त्या बाईंनी वही वर धरली आणि तुझं तोंड बघितलं. शाळा सुटल्यापासून तुझं असं तोंड मी बघितलं नव्हतं. आणि खरं सांगू? आठ लिहिलं असतं तर मला भिंतीला बसवलं असतं. मला तुझ्याबरोबर चालायचं होतं. माझीही हाव होतीच की."

मी रडलो. पलंगाच्या लोखंडी दांडीवर कपाळ टेकून रडलो.

ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

शुक्रवार, ४ एप्रिल

मंगळवारी गेलो होतो, दारापर्यंत. आत चौकशी करणारे मोठे डॉक्टर दिसले आणि परत फिरलो. ताईला सांगितलं, खोली बंद होती. ती म्हणाली, "शुक्रवारी उघडेल."

आज उघडली होती. चालणं बंद, पण गोलात बसून बोलायला परवानगी आहे. बाराजणींपैकी नऊ आल्या होत्या. मोठे डॉक्टर कोपऱ्यात फाइल घेऊन बसले होते. बाई फलकाखाली बसल्या होत्या, गळ्यात शिट्टी नव्हती.

मी उभा राहिलो. बसून बोला, असं कोणीतरी म्हणालं, पण बसून जमलं नसतं. मी म्हणालो, "माझ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर आहे, हाडांत गेलेला. तिने मला रोज खरा आकडा सांगितला. मी खोटा लिहिला. तिने कमी सांगितलं नाही. बाईंनी वही बघून जिना दिला, त्यांची चूक नाही. मला वाटलं, आकडा मोठा असला की माणसाला भिंतीला बसवतात."

मी उभाच राहिलो. बाजूच्या धोबीखान्यातलं यंत्र फिरत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

मग टॅक्सीवाल्याची बायको म्हणाली, "भिंतीला बसवलं म्हणून तर मला गोळी वाढवून मिळाली, दादा. मी त्या दिवशी पहिल्यांदा झोपले."

हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

हेडबाईंनी आपली वही मांडीवरून उचलली. "आता माझंही ऐका. या मुलाची वही बाईंनी दाखवली ना, त्या दिवसापासून आमच्या सूनबाई माझे आकडे कमी करायला लागल्या. मी सहा म्हटलं की तीन लिहिते. मी म्हटलं, लिही बाई, तुझा पहिला नंबर येऊ दे." सून त्यांच्या शेजारीच बसली होती, तिने पदर तोंडाला लावला. एक नवरा म्हणाला, त्यानेही. मग आणखी एकजण. कोणी थोडंसं हसलं. मला हसू आलं नाही. एका वहीत मी खोटं लिहिलं आणि ते माझ्या शिक्क्यासारखं सगळीकडे उमटलं.

बाई उठल्या. मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे. त्या तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तुमच्यावर विश्वास ठेवून तिला पायरीवर नेलं. तिचं हाड पूर्ण मोडलं असतं. हे मी विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू नका."

मी म्हणालो, "नाही विसरणार."

"सगळ्या वह्या पहिल्यापासून सुरू करायच्या. आज, इथे, प्रत्येकीने स्वतः आकडा सांगायचा." मग फलकाकडे तोंड करून म्हणाल्या, "आणि तुमच्या त्या शिक्क्यात सोबत्याचा रकाना नाही. मी वह्या तपासताना बघायला हवं होतं. नवा करून आणा."

मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडून लिहून घेतलं. मी शुद्धलेखन तपासून सही केली. बाईंचं काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही.

सोमवार, ७ एप्रिल

नव्या शिक्क्यासाठी रुंद रबर लागलं. मालक म्हणाले, "पाठदुखीच्या वर्गाला सहा रकाने?"

"पाठदुखी नाही मालक. ताईला स्तनाचा कॅन्सर आहे. मी खोटं सांगत होतो."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्या आईला होता. आम्ही पोटाचा म्हणून सांगायचो. गेली तेव्हाही पोटाचाच सांगितला." मग शिक्क्यांच्या लाकडी मुठींच्या खोक्यातली सगळ्यांत चांगली मूठ काढून माझ्यासमोर ठेवली.

बुधवार, ९ एप्रिल

ताई काल घरी आली. चाकांचा वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जाते. बाईंना पुन्हा वर्ग दिला आहे, जिना मात्र कायमचा बंद. वर्गात मला बघून त्यांनी मान हलवली, हसल्या नाहीत. ठीक आहे.

संध्याकाळी वरण-भात मी केला. वरण घट्ट झालं. ताई म्हणाली, "आता तुझं तुला जमेल." मी म्हणालो, "मीठ कमी झालंय." ती म्हणाली, "तेवढंच राहिलंय होय? बरं."

जेवणानंतर वही घेतली, नवा शिक्का दाबला. सहाही रकाने स्वच्छ उमटले. ताईने बोटाने मोजले.

"चालणं?"

"खिडकीपर्यंत, तीनदा. लिही चार मिनिटं."

"दुखणं?"

"सहा."

सहा लिहिला. झोप, जेवण, मन लिहिलं. मग नेहमीप्रमाणे पट्टी शोधायला लागलो.

ताई म्हणाली, "पट्टी कशाला? तुझा आकडा सांग."

मी म्हणालो, "दोन." ती बघत राहिली. चूक सापडल्यासारखी, थांबून. मी म्हणालो, "पाच." ती तशीच बघत होती. खिडकीबाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवली, तेवढा वेळ गेला.

मी नऊ लिहिला.

तिने पेन माझ्या हातातून घेतलं आणि आकड्याच्या शेजारी बरोबरची खूण केली, शुद्धलेखनाच्या वहीत करायची तशी. मग पेन परत दिलं आणि म्हणाली, "उद्या पुन्हा."

नऊचा आकडा तिरका आला आहे, रकान्याच्या बाहेर गेला आहे. राहू दे.